चुन्याच्या रेघेपुढं साठ पावलं

पांढुर्णा,
शुक्रवार, २३ नोव्हेंबर १९५६

चिरंजीव दत्तात्रयास,

पांढुर्ण्याहून तुझ्या वच्छलाताईचे भरपूर आशीर्वाद. आम्ही सारे इकडे ठणठणीत आहोत. सारे म्हणजे मी, घरकामाची पंचफुला, दोन गाई अन् ती गाडी, जिचं नाव निघालं की तू खिडकीबाहेर पाहायला लागतो. तुझ्या पोटातली जळजळ कशी आहे? चहा कमी केला का? तुझ्या उषाच्या गुडघ्यांना मोहाचं तेल चोळत जा म्हणून मी दोनदा लिहिलं, पण तुमच्या नागपुरात लोकांचा विश्वास गोळ्यांवर. आणि नवं राज्य मानवलं का तुला? पहिल्या तारखेला सकाळी उठून मी मुद्दाम अंगणात जाऊन पाहिलं. विहीर जागेवर, गोठा जागेवर, तुळस जागेवर, मध्यप्रदेश हे नावसुद्धा जागेवर. फक्त राजधानी अन् माझा भाऊ, दोघं एका दिवसात परराज्यात गेले. (भाऊबीजेला तू आला नाही. सचिवालयातल्या फायलींची वाटणी चालू आहे, मुंबईच्या वेगळ्या अन् भोपाळच्या वेगळ्या, असं तू लिहिलं. ठीक आहे. फायलींचं आधी व्हायला पाहिजे, बहीण काय, थांबते.)

थांबण्यावरूनच मुद्द्यावर येते. तुझ्या डॉक्टर विनायकरावांनी तुला एव्हाना सांगितलंच असेल की गेल्या रविवारी त्यांच्यासमोर गाडी चुन्याच्या रेघेवर थांबली नाही. ते खरं आहे. रेघ ओलांडून ती साठ पावलं पुढं गेली हेही खरं आहे, मीच ती मोजली, कारण डॉक्टर त्या वेळी मोजायच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांच्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांचं काय झालं तेही त्यांनी सांगितलं असेल. पण ह्या तिन्ही गोष्टी खऱ्या असूनही मी गाडी देणार नाही आणि नागपूरला राहायला येणार नाही. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, म्हणजे तुला पुढचं निवांतपणे वाचता येईल.

हे पत्र उषालाही वाचून दाखव. तू तिला अर्धंच सांगितलं असशील, म्हणून मी पहिल्यापासून सांगते. सत्तेचाळीस साली इंग्रज जायला निघाले तेव्हा लोकांनी त्यांच्याकडून कपाटं घेतली, आरसे घेतले, कुणी कुत्री घेतली. आमच्या ह्यांनी छिंदवाड्याच्या एका जंगलसाहेबाकडून ही गाडी घेतली. दोन माणसांची, बिनटपाची, हिरवी, लांब नाकाची, सायकलसारख्या तारांच्या चाकांची, शर्यतीत पळवायची गाडी. संत्र्याच्या बगीच्याच्या मालकाला शर्यतीची गाडी कशाला लागते, असं मी तेव्हा विचारलं होतं, आणि रघुनाथरावांनी मला बाजूला बसवून सौंसरपर्यंत नेऊन आणलं होतं. परत येईपर्यंत माझा प्रश्न संपला होता. मग चार वर्षांपूर्वी हे गेले. तेराव्याला माणसं जेवून उठली आणि ओसरीवर बसून बोलायला लागली की आता बगीचा कोण पाहणार. मी आत होती, मला सगळं ऐकू येत होतं. कुणी ठेक्यानं द्या म्हणे, कुणी विका म्हणे. दुसऱ्या महिन्यात बगीच्याच्या कडेच्या धुऱ्यावर मी एकटीनं गाडी शिकली. तीन झाडं गेली, पण शिकली.

आता बघ, बगीचा आहे मोहगावच्या अलीकडे, इथून पंधरा-सोळा मैलांवर. बैलगाडीनं निघालं तर अख्खा दिवस जातो, अन् बस मधल्या फाट्यावर सोडते, तिथून दोन मैल उन्हात चालायचं. मालक पंधरा दिवसांतून एकदा तोंड दाखवते असं कळलं की माळी माळी राहत नाही, जावई होतो. गाडी असली तर मी सकाळी चहा पिऊन निघते अन् माळ्याची आंघोळ व्हायच्या आत तिथं उभी असते. म्हणून सांगते दत्तू, हा गाडीचा प्रश्न नाही. गाडी गेली की बगीचा जाईल, बगीचा गेला की हे घर जाईल, आणि मी तुझ्याकडच्या मागच्या खोलीत बसून उषाच्या मटाराच्या शेंगा सोलत राहीन. मटार सोलायला माझी ना नाही. पण दुसरं काहीच करायचं नाही म्हणून सोलायचे, ते मला जमणार नाही.

दसऱ्याला काय झालं ते मी नाकारत नाही. तू बाजूला बसला होता, सोनं वाटून आपण स्टेशनकडून परत येत होतो, समोर मालगाडीच्या वाघिणीत भरायला आणलेला संत्र्यांचा ढीग होता, मी ब्रेक दाबला आणि आपण ढिगात गेलो. तुझी पांढरी पँट अजून पिवळी आहे असं उषा लिहिते. त्याला मी काय करू? गाडी वीस वर्षांची, तिचे ब्रेक तारांचे. पाय दाबला की तार ओढायची, तार ओढली की चाकाच्या डब्यातले पट्टे फाकायचे, आणि त्यांच्या मनात असलं तर चाक थांबायचं. त्यावर तू नागपूरला जाऊन चार पानी पत्र लिहिलं. ताई, ही गाडी थांबत नाही, ती विक, बगीचा ठेक्यानं दे, इकडे ये, खोली रंगवून घेतली आहे. (रंग कोणता दिला ते मात्र लिहिलं नाही.) मी उलट टपाली कळवलं की थांबवून दाखवते. त्यावर तू म्हटलं, ठीक आहे, डॉक्टर विनायकराव जुन्या गाड्यांचे शौकीन आहेत, ते येतील, रेघ मारतील. रेघेवर गाडी थांबली तर मी जन्मात विषय काढणार नाही, नाही थांबली तर गाडी डॉक्टरांची अन् तू नागपूरची. मी हो म्हटलं. हे सगळं कबूल आहे मला.

मग मी चिंधूला बोलावलं. चिंधू मिस्त्री उषाला माहीत नसेल. आधी तो बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचा, मग कापसाच्या जिनिंगमधलं तेलाचं इंजिन दुरुस्त करायला लागला, आणि आता दोन तालुक्यांत ज्याला चाक आहे त्या प्रत्येक वस्तूचा तो डॉक्टर आहे (तुझ्या डॉक्टरांपेक्षा चांगला). त्यानं चारही चाकांचे डबे उघडले, आत पाहिलं, आणि पुन्हा बंद केले. पट्टे झिजलेले, डब्यांना तडे. म्हणाला, "बाई, कासरा ओढून थांबाले हे काई बैल नाई. नवंच काईतरी करा लागते." तो जायला निघाला आणि सायकलवर बसला, आणि तिथं माझ्या डोक्यात आलं. मी त्याला फाटकाशी थांबवलं. तो थांबला कसा? ब्रेक दाबला, चाकाच्या कडेला दोन रबरं दोन बाजूंनी येऊन चिमटली, आणि सायकल थांबली. सायकलला जमतं ते मोटारीला काऊन जमत नाही, असं मी विचारलं. चिंधू हसला. पण हायस्कुलातले एक मास्तर विलायती मासिकं वाचतात, त्यांनी सांगितलं की तिकडे शर्यतीच्या गाड्यांना आता हेच लावून राहिले. चाकाबरोबर फिरणारी एक लोखंडी तबकडी, अन् तिला दोन्ही बाजूंनी धरणारा एक चिमटा. त्याला कॅलिपर म्हणतात. मग चिंधूचं हसू गेलं आणि तो तबकडीचं माप घ्यायला लागला.

तबकड्या जिनिंगच्या खरादीवर कातून होणार होत्या. कॅलिपर मात्र आपल्याकडे कुठले? मास्तर म्हणाले, लढाईतल्या विमानांना असेच ब्रेक होते, आणि लढाई संपल्यावर लिलावात निघालेला माल नागपूरच्या भंगारवाल्यांकडे पडून आहे. आता कॅलिपर निवडायचा म्हणजे काय, तर तो चाकाच्या आत मावला पाहिजे. चाक फिरताना तारांना लागला की संपलं. मोठा घेतला तर चाक बसत नाही, लहान घेतला तर गाडी धरत नाही. चाक काढून नागपूरला न्यायचं तर हमाल करावा लागला असता. मी स्वयंपाकघरात गेली, एकेक भांडं आणून चाकाच्या आत धरून पाहिलं, आणि माझी भाकरीची परात चाकात बरोबर बसली, चौफेर एक बोट जागा सोडून. म्हणजे जो कॅलिपर तबकडीवर ठेवून परातीच्या काठाबाहेर जाणार नाही तो आपला. चिंधूनं तबकडीच्या मापाचं पत्र्याचं चकतं कापून दिलं, ते परातीत ठेवलं, परात पिशवीत घातली आणि मी अन् पंचफुला सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. (हो, त्या दिवशी मी नागपुरात होती आणि तुझ्याकडे आली नाही. परात घेऊन तुझ्या दारात उभी राहिली असती तर तू चार पानांऐवजी सहा पानी पत्र लिहिलं असतं.)

तिथं भंगाराच्या गल्लीत मी परात घेऊन दुकानामागून दुकान फिरली. पहिल्यानं विचारलं, कल्हई करायची का. दुसऱ्यानं परात वजनावर घ्यायची तयारी दाखवली. तिसरा हिंदीत बोलणारा म्हातारा होता, त्याला कळलं. त्यानं आधी बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचा कॅलिपर आणला. दोघांनी उचलला. परातीत ठेवला तर काठाबाहेर तीन बोटं. मग एक मुंबईहून आलेला अगदी नवा दाखवला, कागदात गुंडाळलेला, बरोबर मावत होता. किंमत ऐकली अन् मी परात उचलून चालायला लागली. तेव्हा त्यानं मागे बोलावून खोक्याच्या तळातून एक जोडी काढली, शिकाऊ विमानाची, ज्याच्यावर पोरं उडायला शिकायची. ठेवली परातीत. चौफेर एक बोट जागा. पंचफुलानं परात गरागरा फिरवून पाहिली, कुठं घासली नाही. मी म्हटलं हीच. (दुकानदार म्हणाला, फार वापरलेली नाही, ते विमान जास्त वेळ जमिनीवरच उभं असायचं. ज्या विमानाला उभं राहायची सवय आहे त्याचाच ब्रेक मला पाहिजे होता.) त्यानं दोन्ही कॅलिपरांना कागदाच्या चिठ्ठ्या बांधून दिल्या, एकावर दायाँ, एकावर बायाँ. ह्या चिठ्ठ्या लक्षात ठेव.

पुढं पंधरा दिवस चिंधू आमच्या गोठ्यातच राहिला म्हण ना. तारा काढल्या, जीपचा तेलाचा पंप लावला, नळ्या टाकल्या, पुढच्या दोन चाकांना तबकड्या बसवल्या. ह्याचं काम असं की पाय दाबला की नळीतलं तेल रेटतं आणि चिमटा आवळतो. फक्त तेलात हवा राहता कामा नये, कारण हवा दबते अन् पाय नुसता खाली जातो. ती हवा बाहेर काढायला प्रत्येक कॅलिपरला एक छोटा स्क्रू असतो. हे सगळं मला चिंधूनं समजावून सांगितलं आणि मला समजलं. कॅलिपर बसवताना त्याचा अन् आमच्याकडच्या एका व्यक्तीचा थोडा वाद झाला, तो इथं लिहिण्यासारखा नाही. तेल भरलं, हवा काढली, पाय जरा मऊ लागत होता, पण नवीन वस्तू आहे, बसेल हळूहळू, असं वाटलं. आणि तोवर रविवार आला.

डॉक्टर माणूस सभ्य आहे, हे मी मानते. सकाळच्या गाडीनं आले, पोहे खाल्ले, गाडीभोवती तीनदा फिरले आणि तिच्या नाकावरून हात फिरवला. तो हात मला आवडला नाही. लग्न जमायच्या आधीच मुलगी आपली समजणाऱ्यासारखा तो हात होता. मग आम्ही जाम नदीच्या उतारावर गेलो. त्यांनी छत्रीच्या टोकानं माती उकरून त्यात चुना भरून रेघ मारली, अगदी सरळ. गाव लोटलं होतं. पलीकडच्या काठावर सावरगाववाले उभे. (वर्षातून एक दिवस आम्ही अन् ते ह्याच नदीवर एकमेकांना दगड मारतो, त्यामुळे उरलेल्या दिवसांत समोरासमोर उभं राहायला कोणाला संकोच वाटत नाही.) डॉक्टरांनी बाजूला बसायचा हट्ट धरला. मी म्हटलं बसा, फक्त दाराला धरून बसा.

वरून निघाली. गाडी अशी सुरेख सुटली की हे असते तर खूश झाले असते. रेघेच्या आधी कडुनिंबाचं झाड आहे, तिथं मी पाय दाबला. पाय गेला तो सरळ खालच्या फळीला जाऊन टेकला. पुन्हा दाबला, पुन्हा फळी. तिसऱ्यांदा दाबेपर्यंत रेघ मागे गेली होती. डॉक्टर आधी इंग्रजीत काहीतरी म्हणाले, मग मराठीत म्हणाले, मग देवाचं नाव घ्यायला लागले. उतार संपला, वाळू आली, वाळूनंतर पाणी आलं, आणि पाण्यात गाडी थांबली. थांबली, दत्तू. इंजिन बंद पडलं, आणि सावरगावच्या काठावरून टाळ्या पडल्या, कारण गाडी त्यांच्या बाजूला जास्त जवळ होती. डॉक्टर पाण्यात उतरले, घोटाभर, आणि तिथंच उभं राहून म्हणाले की बाई, शर्तीप्रमाणे गाडी माझी. मी म्हटलं, आधी बाहेर तर काढा.

बाहेर काढायला बैलांच्या दोन जोड्या लागल्या. बाकी कशाचं मला काही वाटलं नाही, लोक हसले त्याचंही नाही. पण रघुनाथरावांची गाडी बैलांनी ओढत नेली, पुढं बैल अन् मागं मी चालत, ते मात्र मला फार लागलं. त्या संध्याकाळी मी जेवली नाही. डॉक्टरांनी जाताना सांगितलं की पुढच्या रविवारी, म्हणजे पंचवीस तारखेला, ड्रायव्हर घेऊन येतो अन् गाडी नेतो. मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही, कारण तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, आणि ते मला त्यांच्यासमोर येऊ द्यायचं नव्हतं.

सोमवारी अन् मंगळवारी चिंधू गाडीखाली पडून होता. बुधवारी सकाळी बाहेर आला, अंग झटकलं आणि म्हणाला, "बाई, तेलात हवा हाय. निघालीच नाई." कारण ती निघणारच नव्हती. हवा वर चढते, म्हणून तो हवेचा स्क्रू कॅलिपरच्या वरच्या बाजूला पाहिजे. आमच्याकडे दोन्ही स्क्रू खालच्या बाजूला होते. म्हणजे उजव्या चाकाचा कॅलिपर डाव्याला अन् डाव्याचा उजव्याला लागला होता. कोणामुळे लागला ह्याचा शोध घेण्यात आता अर्थ नाही. चिठ्ठ्या नागपूरच्या, हात पांढुर्ण्याचे, त्यात मध्येच राज्य बदललं, अशा गडबडीत व्हायचंच. चिंधूनं अदलाबदल केली, तेल भरलं, हवा काढली, फुसफुस करत एवढी हवा निघाली की मला वाटलं आता गाडी हलकी होईल. आणि पाय दगडासारखा झाला. दाबला की जागच्या जागी.

गुरुवारी, म्हणजे काल सकाळी, मी पुन्हा त्याच उतारावर गेली. डॉक्टरांची रेघ तिथंच होती, कोणी पुसली नव्हती. त्याच वेगानं निघाली, त्याच कडुनिंबापाशी पाय दाबला. पुढची चाकं रेघेवर उभी राहिली, दत्तू. रेघेच्या अलीकडे नाही, पलीकडे नाही. मी तीनदा केलं. तिन्हीदा. पाहायला कोण होतं म्हणशील तर चिंधू होता, पंचफुला होती, नदीवर धुणं धुणाऱ्या दोघी होत्या अन् कोणाच्या तरी बकऱ्या होत्या. गाव रविवारी जमतं, गुरुवारी जमत नाही. ह्यातल्या एकाचीही साक्ष तुझ्या सचिवालयात चालणार नाही, हे मला माहीत आहे.

म्हणून तुला स्पष्ट लिहून राहिली. शर्त गाडी थांबते की नाही ह्याची होती. ती थांबते. रविवारी थांबली नाही तो दोष गाडीचा नव्हता, माझ्या चालवण्याचा नव्हता, आणि माझ्या एकटं राहण्याचा तर मुळीच नव्हता. तू म्हणतो, ताई एकटी आहे. एकटी आहेच. नवरा गेला की बाई एकटी होते, त्यात लपवायसारखं काही नाही. पण एकट्या माणसाला मागच्या खोलीत ठेवलं म्हणून ते दोघं होत नाही. तुझी माया मला कळते. लहानपणी सौंसरच्या शाळेत मी तुला पाठीवर नेलं, आता तुला मला कुठंतरी न्यायचं आहे, हेही कळते. पण मला पाय आहेत, आणि गेल्या बुधवारपासून माझ्या गाडीला ब्रेक आहे. तेव्हा डॉक्टरांना कळव की रविवारी येऊ नका. खोलीत धान्याची पोती ठेव. उषाला आशीर्वाद, तुला आशीर्वाद, नव्या राज्यालाही माझे आशीर्वाद, ते काही वाईट नसेल.

तुझी बहीण,
वच्छला

ता. क. : पत्र पुन्हा वाचून पाहिलं. मी खोटं बोलणारी बाई नाही, म्हणून एक लिहायचं राहिलं ते लिहिते. चिंधूशी वाद घालणारी ती व्यक्ती म्हणजे मी. चिंधू गाडीत बसून म्हणत होता, ह्या हाताचा हा उजवा, कारण बैलगाडी हाकणारा जोडीच्या मागं बसतो अन् तिथूनच उजवा-डावा ठरवतो. मी गाडीच्या समोर उभी होती. पोळ्याला मी बैलांना ओवाळते तेव्हा समोरच उभी राहते, आणि माझ्या उजव्या हाताला जो तो उजवा बैल, त्याला पहिली पुरणपोळी, हे माझं लग्न झाल्यापासून चालू आहे. मी म्हटलं, गाडी माझी, पूजा मी करते, मी म्हणते तोच उजवा. चिंधूनं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. आता हिशेब केला तर सत्तावीस पोळे पहिली पुरणपोळी डाव्या बैलानं खाल्ली असं निघतं. उजवा कधी काही बोलला नाही.

दुसरा ता. क. (शनिवार) : हे पत्र काल टाकायचं होतं. पण मग विचार केला की टाकलं तर ते तुला सोमवारी मिळेल आणि डॉक्टर रविवारीच येऊन गाडी घेऊन जातील. आणि मिळालं तरी तू विश्वास ठेवशील का? मीच समोर उभी राहून उजवा-डावा चुकलेली, माझं कोण ऐकणार. रात्रभर ह्यावर विचार केला.

तिसरा ता. क. (रविवार, पेन्सिलीनं, मांडीवर कागद ठेवून लिहिलं आहे, अक्षराला हसू नको) : डॉक्टर आत्ता पांढुर्ण्याला उतरले असतील. गोठा रिकामा दिसेल. चिंधू त्यांना चहा देणार आहे अन् बैलगाडीच्या चाकाविषयी बोलणार आहे. आम्ही अंधारात निघालो, मी अन् पंचफुला. सावनेरच्या बाजारात तीनदा थांबावं लागलं, एकदा म्हशीसाठी, दोनदा माणसांसाठी. हद्द कुठं लागली ते काही कळलं नाही. पंचफुला सारा वेळ बाहेर डोकावून शोधत होती, तिला वाटलं होतं काहीतरी दिसेल. मी राहायला आली नाही. संध्याकाळी परत जायचं आहे, उद्या बगीच्यात माल तोडायचा आहे.

हे पत्र टपालानं आलं नाही, पंचफुलानं आणून दिलं, हे तुला दिसलंच असेल. आता खिडकीतून खाली पाहा. उषानं दाराशी काढलेली रांगोळी आणि माझं पुढचं चाक, ह्यांच्यामध्ये चार बोटं आहेत. डॉक्टरांची रेघ नाही, तुझ्याच घरची आहे. रांगोळी मोडली का ते तूच सांग, मी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवीन.

आणि लवकर ये. जुना हातब्रेक तारांचा होता, तारा काढल्या तेव्हा तोही गेला, हे वर लिहायला मी विसरली. तुझ्या दारासमोर उतार आहे, गिअरमध्ये ठेवली तरी सरकते. ब्रेकवरचा पाय उचलला तर मी रांगोळीवरून थेट तुझ्या ओसरीवर येईन. चाकाखाली लावायला एक वीट घेऊन ये. दोन आणल्या तरी चालतील, उजव्या-डाव्याचं काही नाही.